बारावीनंतर टेकू एकदम का निघतात? कॉलेजचं पहिलं वर्ष समजून घेताना

जून-जुलैमध्ये सोलापूरच्या एसटी स्टँडवर एक वेगळीच गर्दी असते. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, पलीकडून तुळजापूर, उमरगा, इंडी इथली मुलं-मुली बॅगा, गादी, बादली घेऊन शहरात शिकायला उतरतात. त्याच आठवड्यांत सोलापूरची मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याकडे निघतात. पुढे जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे पहिल्या सत्राचे निकाल लागू लागतात आणि अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: बारावीला इतके चांगले मार्क होते, मग इथे एटीकेटी लागली कशी? एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू देण्याची सवलत. ते विषय नंतर परीक्षा देऊन सोडवायचे असतात.

उत्तरं तयारच असतात. मोबाईल, संगत, "पोरगं मोकाट सुटलंय". मी सोलापुरात पहिल्या वर्षाला शिकवते आणि या उत्तरांत थोडं तथ्य आहे हे मलाही दिसतं. पण मोबाईल बारावीतही होता, मित्रही होते. त्या जूनमध्ये नेमकं काय बदललं, हे शोधलं तर वेगळंच चित्र समोर येतं.

बारावीपर्यंत दिवस कोण चालवत होतं?

बारावीच्या मुलाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे आई उठवते. सहाला क्लास, मग कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. टेस्टचे मार्क संध्याकाळी वडिलांच्या व्हॉट्सॲपवर. कुठला धडा कधी वाचायचा हे क्लासचे सर ठरवतात, कधी झोपायचं हे आई ठरवते, खर्चाला किती हे वडील ठरवतात. मूल कष्ट करतं, भरपूर करतं. पण त्या कष्टांचं वेळापत्रक दुसऱ्यांनी आखलेलं असतं.

पहिल्या वर्षात अभ्यासक्रम अवघड होतो खरा, पण त्याहून कितीतरी जास्त वाढतात ते निर्णय. आज लेक्चरला बसायचं की नाही? नोट्स कुठून काढायच्या? मेसची भाजी बिघडली तर बाहेर खायचं का? किती पैसे उरलेत? रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवतो, त्याला कसं सांगायचं? यातला एकही प्रश्न मोठा नाही, पण ते रोज येतात, सगळे एकाच महिन्यात येतात आणि त्यांची सवय कुणीच लावलेली नसते.

हे आकड्यांतही दाखवता येतं, त्यासाठी क्रेडिट म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या पद्धतीनं सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. नव्या पद्धतीत प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात. सत्रभरात १५ तास शिकवणी झाली की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात, प्रात्यक्षिकं धरून, आठवड्याला अंदाजे २२ ते २८ तास वर्गात किंवा प्रयोगशाळेत जातात.

आठवड्याचे एकूण तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. कॉलेजचे २२ ते २८ गेले. उरले ८४ ते ९०.

हे ८४ ते ९० तास बारावीत क्लास, टेस्ट आणि घर यांनी आधीच वाटून घेतले होते. आता त्यांना मालक नाही. प्रवास, जेवण, कपडे धुणं यांत काही जातात, तरी रोजचे सहा-सात तास मोकळे राहतात आणि त्यांचं काय करायचं हे अठरा वर्षांच्या मुलानं एकट्यानं ठरवायचं असतं. वर्गातली हुशार मुलंही इथेच अडखळतात, कारण त्यांना या गोष्टीचा सराव कधी मिळालाच नाही. बारावीला उत्तम मार्क पाडणारं मूल सूचना पाळण्यात पटाईत असू शकतं आणि स्वतःला सूचना देण्यात अगदी नवखं.

मेंदूचं काम अजून चालू असतं

कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तो पुढचा विचार करणं, मोह आवरणं, कामांचा क्रम लावणं ही कामं करतो. हा भाग सगळ्यात शेवटी पक्व होतो, साधारण पंचविशीच्या आसपास. अठराव्या वर्षी कायद्यानं माणूस सज्ञान होतो, मत देतो, करारावर सही करतो. मेंदूचं वेळापत्रक मात्र कायद्याला बांधलेलं नाही.

झोपेचंही तसंच. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. मुलाला रात्री अकराला झोप येत नाही, यात त्याचा सगळाच दोष नसतो. घरी दिवा बंद करणारं कुणीतरी असतं. रूमवर कुणी नसतं, मोबाईल असतो, आणि अकराचे दोन वाजतात. सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं ते असं. विद्यापीठाच्या नियमात ७५ टक्के हजेरी मागितलेली असते, तिथे अशा सकाळी एकेक करून महागात पडतात.

यावरून काही पालक म्हणतात, मेंदूच तयार नाही ना, मग पंचविशीपर्यंत लगाम आमच्याच हातात राहू दे. मला हे पटत नाही. मेंदूचा हा भाग वापरानं घडतो. निर्णय घेऊ दिले नाहीत तर निर्णयशक्ती आपोआप उगवत नाही. त्यामुळे खरा प्रश्न आधार किती वेगानं काढायचा हा आहे, आणि आपण नेमका तोच विचारायचा विसरतो.

स्लॅब आणि सेंट्रिंग

जुळे सोलापुरात किंवा सैफुलकडे कुठलंही बांधकाम चालू असेल तिथे थोडा वेळ थांबून पाहा. स्लॅब टाकला की खाली फळ्या आणि टेकूंचं जंगल उभं असतं. बाजूच्या फळ्या एक-दोन दिवसांत निघतात. खालचे टेकू मात्र राहतात. लहान खोलीचा स्लॅब असेल तर आठवडाभर, गाळा मोठा असेल तर दोन आठवडे किंवा आणखी. आणि या दिवसांत मिस्त्री रोज पाणी मारायला सांगतो, कारण सोलापूरच्या उन्हात काँक्रीट कोरडं पडलं की तडे जातात. कुठलाही मिस्त्री दुसऱ्याच दिवशी सगळं सेंट्रिंग उतरवत नाही, आणि वर्षभर तसंच ठेवून पुढचं कामही अडवत नाही.

आपण मुलांच्या बाबतीत यातल्या दोन्ही चुका करतो. जुलैत बॅग भरून दिली की पहाटे उठवणं, अभ्यास विचारणं, पैशांचा हिशेब, जेवणाची काळजी, सगळे टेकू एका दिवसात काढतो. किंवा रोज रात्री व्हिडिओ कॉल करून खोलीत कोण कोण आहे ते दाखवायला लावतो, बँकेचं ॲप स्वतःच्या फोनवर ठेवतो आणि एकही टेकू हलू देत नाही.

शिक्षणाच्या मानसशास्त्रात हे नीट मांडलेलं आहे. जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिलं की जाणत्या माणसाची मदत शिकणाऱ्याला तेव्हा लागू पडते, जेव्हा ती त्याच्या त्या वेळच्या क्षमतेला जुळते आणि क्षमता वाढेल तशी कमी होत जाते. कमी होत जाते, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

"आमचा मुलगा घरूनच जातो, त्याला हे कशाला?"

सोलापुरात हा प्रश्न फार येतो, आणि त्यावर थोडं थांबून बोलायला हवं. कॉलेजच्या स्वातंत्र्यावर जे काही लिहिलं-बोललं जातं ते हॉस्टेलवरच्या मुलांना समोर ठेवून. पण आपल्याकडच्या वर्गात घरून येणारी मुलं भरपूर असतात. कुणी मोहोळहून एसटीच्या पासवर रोज ये-जा करतं, कुणी शहराच्या पूर्व भागातून सायकलनं येतं.

पूर्व भागातल्या एखाद्या घराची कल्पना करा. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, आणि आता पुस्तकं इंग्रजीत. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. शेजारच्या गाळ्यात दिवसभर मागांचा खडखडाट. घरातलं कुणीही याआधी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, विषय बदलणं यातलं काही विचारायला घरात माणूस नाही. या मुलाला जेवण मिळतं, छप्पर मिळतं. पण कॉलेजशी संबंधित प्रत्येक निर्णयात तो पुण्याला गेलेल्या मुलाइतकाच एकटा असतो, कदाचित जास्तच. आणि त्याचे मोकळे ८४ तास खरं तर मोकळे नसतातच. दुकानात बस, दवाखान्यात ने, धाकट्याचा अभ्यास घे, पाहुणे आलेत, स्टेशनवर जा. "तू घरीच तर आहेस" हे वाक्य त्याच्या वेळेवर सगळ्यांना हक्क देतं.

बाहेरगावी राहणाऱ्या मुलाला वेळ सांभाळायला शिकावं लागतं. घरच्या मुलाला आधी तो मागून घ्यावा लागतो, आणि वडीलधाऱ्यांपुढे मागणं जास्त कठीण. अशा घरांना मी एवढंच सुचवते: दिवसातले दोन तास ठरवून टाका, ज्यांत त्याला कुठलंही काम सांगायचं नाही. ते घरात शक्य नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तासा-दोन तासांनी उशिरा येऊ द्या, "इतका वेळ कुठं होतास" असा जाब न विचारता. मुलगी असेल तर तिलाही.

स्वावलंबी मूल मदत मागतं

पहिल्या वर्षातला सगळ्यात घातक गैरसमज असा, की मोठं झालं म्हणजे सगळं एकट्यानं जमलं पाहिजे. गणितातलं कळलं नाही तरी मूल विचारत नाही, कारण विचारलं तर "एवढंही येत नाही का?" असं कुणी म्हणेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांत ही भीती दुप्पट. प्रश्न मनात असतो, तो इंग्रजीत कसा विचारायचा ते सुचत नाही, म्हणून तोंडच उघडत नाहीत. मुलांनो, मराठीत विचारा. सोलापुरातल्या बहुतेक शिक्षकांना मराठीत विचारलेला प्रश्न कळतो आणि आवडतो. वर्गात धाडस होत नसेल तर तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात या.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत: आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेतोय असं वाटणं, आपल्याला काहीतरी नीट जमतंय असं वाटणं, आणि आपलं कुणीतरी आहे असं वाटणं. पहिल्या वर्षात पहिली गरज एकदम भागते आणि बाकीच्या दोन त्याच वेळी उपाशी राहतात. वर्गात काही जमत नाही, आणि जवळचं कुणी नाही. स्वातंत्र्य मिळूनही मूल खूश का नाही, याचं उत्तर इथे आहे.

घर सोडल्यावर पहिल्या महिन्यात तीन माणसं शोधावीत. एक शिक्षक किंवा शिक्षिका, ज्यांच्याशी निदान एकदा वर्गाबाहेर बोलणं झालंय. एक वरच्या वर्गातला दादा किंवा ताई, ज्यांना ऑफिसची खिडकी आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठाऊक आहेत. आणि वर्गातला एक असा मित्र किंवा मैत्रीण, जी आज लेक्चरला का आली नाहीस म्हणून फोन करेल. त्या तिसऱ्या माणसाची किंमत मी सगळ्यात जास्त धरते.

अभ्यासाबद्दल एकच सांगते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नव्यानं पाठ केलेलं आपण पहिल्या काही तासांत आणि दिवसांत फार वेगानं विसरतो, पण मधूनमधून उजळणी केली तर ते टिकतं. बारावीत ही उजळणी क्लासच्या टेस्ट करून घेत होत्या. आता लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वीस मिनिटं वही उघडणं, हे काम मुलानं स्वतः लावून घ्यायला हवं.

पैसा: पहिली सही, पहिला फॉर्म

पैसे महिन्याचे एकदम पाठवावेत की थोडे थोडे? माझं मत असं: पहिले दोन महिने आठवड्याला, मग महिन्याला, दुसऱ्या सत्रात जमलं तर दोन-तीन महिन्यांचे एकदम. आठवड्याच्या पैशांत चूक झाली तर मूल दोन दिवस वडापाववर काढतं आणि शिकतं. सत्राच्या पैशांत झाली तर उसनवारी सुरू होते.

मेस लावताना खाडे धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात का, हे आधी विचारायचं. रूम घेताना डिपॉझिट कधी आणि कशावर परत मिळेल ते लिहून घ्यायचं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर केलेली सही कायद्यानं बांधून ठेवते, म्हणून मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जायचं नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितलं तर तो पैसे काढून घेतोय. आणि एक इशारा ठळकपणे: "तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" असं कुणीही, अगदी रूममेटनं सांगितलं, तरी नाही म्हणायचं. फसवणुकीचे पैसे अशा विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवले जातात. खातं गोठवलं जातं आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र मुलानंच भरावा, असं मी आग्रहानं सांगते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तो भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, योजनेप्रमाणे जातीचा दाखला, जात पडताळणी किंवा नॉन-क्रिमिलेअर लागतं, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही जमा होत नाहीत. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना या उत्पन्न मर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. ही माहिती वडिलांनी ऐकून सांगण्यापेक्षा मुलीनं स्वतः वाचली, कागद जमवले, त्रुटी निघाल्यावर पुन्हा अपलोड केले, तर त्या एका फॉर्ममध्ये ती जे शिकते ते कुठल्याच पुस्तकात नाही. सायबर कॅफेवाल्या मामांकडून करून घेऊ नका. शेजारी बसा, पण माऊस तिच्या हातात राहू द्या.

"करमत नाही" आणि त्यापुढचं

घर सोडल्यावर पहिले काही आठवडे करमत नाही, हे आजारपण नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी आठवून पुण्यात डोळ्यांत पाणी येणं अगदी साहजिक आहे. दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यावर ते पुन्हा उसळतं आणि पुन्हा ओसरतं. या काळात दर शनिवारी घरी धावणं टाळावं, कारण नव्या जागेत मुळं धरायला सलग काही शनिवार-रविवार लागतात.

पण काही खुणा वेगळ्या असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, झोप किंवा भूक पूर्ण बिघडणं, आवडती गोष्टही नकोशी होणं, खोलीबाहेर न पडणं, "मी कशालाच लायक नाही" असं सतत वाटणं. हे करमत नाही याच्या पुढचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असा विचार आला तर त्याच क्षणी फोन करायचा आणि जवळच्या एका माणसाला शेजारी येऊन बसायला सांगायचं.

रॅगिंगला कुणी गंमत म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

"मुलीला एवढं मोकळं सोडायचं?"

हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात, पण विचारतात. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही सरळ देते.

मुलींच्या बाबतीत आपण टेकू काढतच नाही, आणि वरून एक धमकी टांगून ठेवतो: "काही कमी-जास्त झालं तर शिक्षण बंद, लग्न लावून देऊ." धमकी देणाऱ्याला वाटतं की यानं मुलगी सांभाळून राहील. प्रत्यक्षात उलटं होतं. बसमध्ये कुणी त्रास दिला, तरी ती घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर बस बंद, कॉलेज बंद. एका विषयात नापास झाली तर ती निकाल लपवते. कुणी फोटोवरून धमकावलं तर ती एकटीच झुरते आणि धमकावणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. ज्या घरात चूक सांगितल्यावर शिक्षण जातं, त्या घरातल्या मुलीची माहिती आई-वडिलांना सगळ्यात शेवटी मिळते. सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट आधी पाहावी, असं मला कळकळीनं वाटतं.

त्याऐवजी तिला शब्द द्या: काहीही झालं तरी शिक्षण थांबणार नाही, फक्त आम्हाला सांग. आणि तो शब्द पहिल्याच प्रसंगी पाळा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत तिकिटाला ५० टक्के सवलत आहे. तिला एकटीनं पंढरपूरला मावशीकडे जाऊन येऊ द्या. बँकेत जाऊ द्या. लहान प्रवास आणि लहान व्यवहार आधी, मोठे नंतर. मुलालाही हीच पायरी लावा. त्याला एकदम सगळं आणि तिला काहीच नाही, यानं दोघांचंही नुकसान होतं. स्वतःचं ताट धुणं न शिकलेला मुलगा पहिल्या वर्षात जास्त हाल काढतो, हे मी पाहते.

"आमच्या वेळी कुणी शिकवलं नव्हतं, आम्ही शिकलोच ना?"

शिकलात, आणि कष्टानं शिकलात. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे वाक्य म्हणणारे सगळे टिकलेले लोक आहेत. जी मुलं पहिल्याच वर्षी नापास होऊन गावी परतली, शेतात किंवा मागावर लागली, ती या चर्चेत नसतात, त्यामुळे त्यांचा अनुभव मोजलाच जात नाही. दुसरं म्हणजे तेव्हा टेकू दिसत नव्हते तरी होते. नातेवाइकाच्या घरी राहणं, कडक रेक्टर, गावातल्या चार मुलांची एकच खोली, मर्यादित पैसे, रात्री दहानंतर करायला काहीच नसणं. आज खोलीत एकटं मूल आणि हातात कधीच न संपणारा मोबाईल आहे.

आज पर्यायही जास्त आहेत, ही जमेची बाजू. नव्या पद्धतीत मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या डिजिटल खात्यात जमा राहतात, साधारण सात वर्षांपर्यंत. ठरलेल्या अटी आणि क्रेडिट पूर्ण केली तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि पुन्हा परत येता येतं. म्हणजे अडखळलेल्या मुलासाठी वाट उघडी आहे. मात्र ते खातं उघडणं आणि त्यात नोंदी नीट पडल्यात का हे तपासणं पुन्हा त्याचंच काम.

कुठला टेकू आधी काढायचा?

बाजूच्या फळ्या म्हणजे रोजच्या बारीकसारीक गोष्टी: उठवणं, कपडे, काय खाल्लं याची चौकशी, कुठल्या रंगाची बॅग. त्या पहिल्याच आठवड्यात काढा. पैशांचा टेकू दिवाळीनंतर सैल करा. विषय आणि करिअरच्या निर्णयांत वर्षभर सोबत राहा, पण शेवटचा शब्द त्याचा ठेवा. आणि पाणी मारणं, म्हणजे बोलणं, ते थांबवूच नका. रोजच्या फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" याला "हो" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा निवांत फोन करा आणि विचारा: या आठवड्यात कुठला विषय डोक्यावरून गेला? कुणाला विचारलंस? पैसे कशात जास्त गेले? उत्तर ऐकून लगेच उपाय सांगू नका. "मग तू काय करणार आहेस?" एवढं विचारून थांबा, तो गप्प राहिला तरी थांबा.

एटीकेटी लागलीच, तर निकालाच्या दिवशी भांडण करू नका, कारण त्याच दिवसांत करायची कामं असतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जाला थोडेच दिवस मिळतात. तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकात असते, ते मुलानं शोधायचं. छायाप्रत आली की ती घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांकडे त्यानंच जायचं आणि मार्क कुठे गेले ते विचारायचं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्यानं भरायचा, फी त्याच्या महिन्याच्या पैशांतून थोडी, तुमच्याकडून थोडी. तुम्ही एवढंच करा, की फॉर्मची शेवटची तारीख तुमच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दोन दिवस आधी एकदा विचारा.